पेटीतला पाचवा माऊस

गिरिधररावांचा उजवा अंगठा जानेवारीत पोंगलच्या सुमारास दुखू लागला आणि जून उजाडेपर्यंत त्यांनी ती गोष्ट कुणाच्या कानावर घातली नाही. घरी बायकोला सांगितलं नाही, ऑफिसात साहेबांनाही नाही. माणूस मूळचाच अबोल. त्यातून चौतीस वर्षं ज्या हाताच्या जोरावर चार लोकांत ताठ मानेनं वावरलो, तोच हात आता कुरकुर करतो आहे, हे स्वतःच्या तोंडानं सांगायचं तरी कसं? ते रोज पहाटे अंगठा गरम पाण्यात बुडवून बसत, मग त्याला तेल चोळत आणि चेन्नईच्या टोकाच्या तांबरमहून सात-चाळीसची लोकल गाडी धरून गिंडीला कामावर जात.

काम ड्रॉइंगचं. गिंडीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत ते सीनियर ड्राफ्ट्समन होते. काँक्रीटच्या पोटात लोखंडी सळ्या कुठे, किती आणि कशा वाकवून ठेवायच्या, ते कागदावर दाखवायचं. एकदा काँक्रीट ओतलं की ते सगळं कायमचं झाकलं जातं आणि बघणाऱ्याला दिसतात नुसते रंग आणि खिडक्या. गिरिधररावांना मात्र गाडीतून जाताना भिंतींच्या आतलं दिसे. अमक्या इमारतीच्या तुळईत सोळा मिलिमीटरच्या सळ्या आहेत, तमक्या जिन्याखाली वीसच्या, हे त्यांना तोंडपाठ असायचं. बढाई मारायचा स्वभाव नव्हता म्हणून, नाहीतर अर्ध्या शहराला त्यांनी हे ऐकवलं असतं.

आधी ते बोर्डावर टी-स्क्वेअरची लाकडी पट्टी लावून शाईनं काढत. मग कॉम्प्युटर आला. बरोबरीचे कितीतरी लोक त्या वेळी नाकं मुरडून बाहेर पडले. गिरिधरराव टिकले. पेन गेलं आणि हातात माऊस आला, तरी रेघ तीच आहे, असं ते म्हणत. आता त्या माऊसनंच दावा साधला होता.

जूनमध्ये एका शाळेच्या पाण्याच्या टाकीचं ड्रॉइंग चाललं होतं. बटण दाबताना अंगठ्यापासून कोपरापर्यंत कळ गेली, हात सरकला आणि सळ्यांची एक अख्खी ओळ होती तिथून हातभर बाजूला जाऊन बसली. गिरिधररावांच्या लक्षात आलं नाही. तपासणाऱ्यानं पकडलं म्हणून निभावलं. त्यांच्या नावावर अशी चूक आजवर नव्हती, त्यामुळे ती सांगायलासुद्धा लोक कचरत होते.

विभागाचे प्रमुख नारायणस्वामी. वयानं दहा वर्षांनी लहान, पण समजदार. त्यांनी गिरिधररावांना आत बोलावलं, रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, "हात दाखवा." अंगठ्याचं मूळ लिंबाएवढं सुजलं होतं. त्याच दिवशी त्यांनी डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरांनी मनगट वळवून पाहिलं, अंगठा मुठीत धरायला लावला, आणि गिरिधररावांच्या डोळ्यांतून पाणी आलेलं बघून पुढचं काही विचारलंच नाही. अंगठ्याची शीर सुजली आहे, त्याला विश्रांती द्या, असं ते म्हणाले. माऊस बदला, नाहीतर काम बदला.

दुसऱ्या दिवशी नारायणस्वामींनी तमिळमध्ये, फार हळू आवाजात, पुढची सोय सांगितली. "खालच्या रेकॉर्ड रूममध्ये जुनी ड्रॉइंगं तशीच पडली आहेत. ती गुंडाळून, बांधून, नंबर घालून लावायला कुणीतरी जाणतं माणूस हवंच आहे. पगार आहे तोच राहील. पण आधी वेगळा माऊस बघू. रुचा काही नमुने मागवून देते. यातला कुठला चालतो ते शुक्रवारी मला सांगा, राव. एकही चालला नाही, तर एक तारखेपासून खाली."

त्यांनी भल्या मनानंच सांगितलं होतं, हे गिरिधररावांनाही कळत होतं. पण निवृत्तीला अजून तीन वर्षं होती. ती तीन वर्षं आपण रेघ न ओढता, दुसऱ्यांनी ओढलेल्या रेघांची भेंडोळी बांधत काढायची? त्यापेक्षा घरी बसलेलं काय वाईट, असं त्यांना वाटलं. पण घरी बसून करायचं काय, हेही त्यांना माहीत नव्हतं.

रुचा ऑफिसातल्या कॉम्प्युटरांची खरेदी आणि देखभाल बघे. पुण्याची मुलगी, दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी चेन्नईला आली. गिरिधरराव मराठी बोलतात हे कळलं तेव्हा तिला कोण आनंद झाला होता, आणि ते बोलू लागल्यावर ती पार गोंधळून गेली होती. "राव सर, हे कुठलं मराठी?" असं तिनं विचारलं होतं. "तंजावरचें," ते म्हणाले होते. "साडेतीनशें वर्षें झालीं येऊन. तुम्हीं लोक मागून बदललांत." तेव्हापासून दुपारच्या कॉफीला दोघांची गट्टी होती.

सोमवारी सकाळी ती एक पेटी घेऊन त्यांच्या टेबलाशी आली.

"सर, मी चार मागवले होते, त्यांनी पाच पाठवलेत. एकेक दिवस एकेक वापरून बघा. घाई करू नका."

पेटीत थर्मोकोलच्या खाचांत पाच माऊस बसवले होते. पहिला साधाच, त्यांच्या जुन्या माऊसपेक्षा थोडा रुंद आणि बसका. दुसऱ्याच्या कुशीत लाल गोळा होता. माऊस जागचा हलवायचा नाही, अंगठ्यानं गोळा फिरवायचा की पडद्यावरचा बाण फिरतो. तिसरा पेनासारखा, खाली एक काळी पाटी. चौथा उभा होता. हस्तांदोलनाला हात पुढे करावा तसा तो धरायचा, म्हणजे मनगट आडवं पडत नाही. आणि पाचवा हुबेहूब चौथ्यासारखाच, फक्त उलटा. आरशात बघावा तसा.

"हा डाव्या हाताचा आहे," रुचा म्हणाली.

"तो आपला नव्हे," गिरिधरराव म्हणाले, आणि पाचव्याला हातही न लावता त्यांनी वरचं थर्मोकोल त्याच्यापुरतं परत दाबून बसवलं. रुचानं ते पाहिलं.

गिरिधरराव डावखुरे जन्मले होते, ही गोष्ट ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हती. त्यांच्या मुलीलाही नव्हती. बायकोला होती, पण तीस वर्षांत तिनं कधी तो विषय काढला नव्हता.

तंजावरच्या त्यांच्या घरात डावा हात म्हणजे कमी प्रतीचा हात. द्यायचं-घ्यायचं, जेवायचं, लिहायचं, देवापुढे फूल ठेवायचं, सगळं उजव्यानं. हे सगळ्याच घरांत असतं. पण गिरिधर पाच वर्षांचा झाला, पाटीवर डाव्या हातानं श्रीकार काढू लागला, आणि काही केल्या त्याचा हात बदलेना, तेव्हा वडिलांनी त्याचा उपाय केला. वडील वादिराजराव एका नकाशा-कचेरीत ड्राफ्ट्समन होते. नकाशे गिरवायचं निळसर, खळीनं कडक केलेलं कापड कचेरीत येई. त्याच्या कडेच्या पट्ट्या टाकून देत. त्या धुऊन त्यातली खळ काढली की आतून रेशमासारखं मऊ सुती कापड निघे. आई त्याचे रुमाल शिवी. वादिराजरावांनी त्यातली एक पट्टी घेतली, मुलाचं डावं मनगट त्याच्या कमरेच्या करगोट्याला बांधलं आणि समोर पाटी ठेवली.

रोज संध्याकाळी दिवा लागला की पट्टी बांधायची, अभ्यास झाला की सोडायची. दीड वर्ष हे चाललं. वडिलांनी कधी मारलं नाही, आवाज चढवला नाही. पट्टी मऊ होती, मनगटाला वळसुद्धा उठत नसे. पण त्या दीड वर्षात गिरिधर तोतरा बोलू लागला, आणि तोतरेपण गेलं तेव्हा बोलणंही निम्मं घेऊन गेलं. पुढे उजव्या हाताचं अक्षर सुरेख वळणाचं झालं. ड्रॉइंगमध्ये पहिला नंबर आला. वडिलांनी गावभर पेढे वाटले.

पट्टी सुटून पन्नास वर्षं झाली होती. तरी बसच्या कंडक्टरला पैसे द्यायचे तर ते उजव्या हातातली पिशवी डाव्यात, डाव्यातली छत्री काखेत असे सगळे सोपस्कार करून उजवा हात मोकळा करत. कधी टेबलावरून पेला घसरला तर तो झेलायला डावा हात विजेसारखा पुढे जाई आणि पेला बरोबर पकडे. मग गिरिधरराव इकडेतिकडे बघत आणि काही चोरलं असल्यासारखा पेला परत ठेवून देत.

मंगळवारी त्यांनी लाल गोळ्याचा माऊस लावला. सगळं काम अंगठ्याचंच, आणि दुखत होता तो अंगठाच. दुपारच्या जेवणाआधीच तो पेटीत परत गेला. तिसरा, पेनासारखा, हातात घेतल्यावर जुनी ओळख निघाल्यासारखं वाटलं, पण पेन धरायचं म्हणजे अंगठा हवाच; तासाभरात बोटं सुटेनात. बुधवारी पहिला, रुंद आणि बसका. त्यानं निदान संध्याकाळपर्यंत दम काढला. घरी निघताना मात्र गाडीचा दांडा धरता आला नाही, आणि गिंडीपासून तांबरमपर्यंत ते दाराशी खांदा टेकून उभे राहिले.

उभ्या माऊसवर त्यांची भिस्त होती. तो त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता. गुरुवारी सकाळी हात त्यात बसला तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. मनगट सरळ, कोपर टेकलेलं, कळ नाही. रुचा जाता जाता थांबली.

"हा चालतोय वाटतं?"

"चालूलालाय," ते म्हणाले, आणि आठवड्यात पहिल्यांदा हसले.

पण तो माऊस उभा धरायचा म्हणजे एका बाजूनं चार बोटं आणि दुसऱ्या बाजूनं अंगठा. अंगठा सोडला की माऊस कलंडे, आणि धरला की तासाभरानं तीच कळ, त्याच जागी. दुपारी तीनच्या सुमारास बाण थरथरू लागला. टाकीच्या तळाची एकच सळी त्यांनी चार वेळा काढली, चार वेळा पुसली. मग ते हात मांडीवर घेऊन पडद्याकडे नुसते बघत बसले. संपलं, असं त्यांना स्वच्छ वाटलं.

रुचा कॉफीचे दोन पेले घेऊन आली आणि स्टूल ओढून बसली.

"सर, पाचवा तुम्ही बाहेरही काढला नाहीत. लोक शिकतात हो डाव्या हातानं. वेळ लागतो, पण शिकतात. पेटी घरी घेऊन जा. तिथे कुणी बघत नाही. लॅपटॉप मी देते."

गिरिधररावांना तिला काहीतरी सांगायचं होतं. पण तोंड उघडल्यावर पहिलंच अक्षर अडखळलं, कितीतरी वर्षांनी, आणि ते गप्प राहिले. निघताना मात्र त्यांनी पेटी काखोटीला मारली.

घरी वादिराजराव खिडकीशी खुर्चीत बसलेले होते. वय ब्याऐंशी. डोळे शाबूत, डोकं शाबूत, पण दोन्ही हातांना कंप. ज्या माणसानं आयुष्यभर केसाएवढ्या रेघा शाईनं ओढल्या, त्याला आता चमचा तोंडापर्यंत नेता येत नव्हता. दोन्ही वेळा भरवावं लागे. सकाळी सून कनका, गिरिधररावांची बायको, भरवी आणि संध्याकाळी गिरिधरराव. रात्री आठाच्या आत म्हातारा जेवून मोकळा होई. बापलेकांत दिवसभरात बोलणं होई ते एवढंच. तेही बहुतेक मीठ कमी आहे की जास्त, याबद्दल.

गिरिधररावांनी हातपाय धुतले, सार-भात कालवला आणि घास उचलला. अंगठा वळला नाही. घास वाटेतच सुटला आणि म्हाताऱ्याच्या धोतरावर सांडला. दुसराही सांडला.

"मी भरवतें," दारातून कनका म्हणाली. "तुम्हीं उठा."

"थांब गे," वादिराजराव म्हणाले. त्यांची नजर मुलाच्या हातावर होती. "गिरी, हात कशास लपवूलालास?"

"काहीं नाहीं, आप्पा."

"मी डोळ्यानं पाहूलालों. काहीं नाहीं कसें?"

तेव्हा गिरिधररावांनी सांगितलं. सळ्यांची चुकलेली ओळ, डॉक्टर, पेटी आणि उद्याचा शुक्रवार. सांगताना ते ताटाकडे बघत होते. सांगून झाल्यावर वादिराजराव म्हणाले, "पेटी आण."

कनकानं पेटी आणून मांडीवर ठेवली. म्हातारा एकेक माऊस बाहेर काढून बघू लागला. कचेरीत नवी हत्यारं आली की तो अशीच बघत असणार: वजन घेऊन, कडेवरून बोट फिरवून, खाली वाकून. हात कापत होते, पण वस्तूवर टेकले की कंप जरा कमी होई. लाल गोळा त्यांनी दोनदा फिरवून पाहिला. चौथा उजव्या हातात धरून ठीक म्हणून मान हलवली. मग पाचव्यावरचं थर्मोकोल काढलं. उजवा हात त्यात बसेना. फिरवून पाहिला, तरी बसेना. मग त्यांनी डावा हात त्यावर ठेवला आणि तो बरोबर बसला.

"हा डावा," ते म्हणाले.

"होय."

"हा चालवून पाहिलास?"

गिरिधरराव धोतरावर सांडलेली शितं वेचू लागले.

"ह्यास टी-स्क्वेअर कोठें धरायाचें?"

"टी-स्क्वेअर नाहीं, आप्पा. आतां कोठेंच नाहीं."

"शाई?"

"शाईही नाहीं. कागदसुद्धां शेवटीं येतो."

"म्हणजे ओल्या रेघेवरून हात फिरून पुसलें, असें होत नाहीं."

"नाहीं. ओलें असें काहींच नसतें."

वादिराजराव बराच वेळ त्या माऊसकडे बघत राहिले. मग ते म्हणाले, "तर मग हा कशास नको तुज?"

"तुम्हींच बांधलांत, आप्पा," गिरिधरराव म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हे वाक्य उच्चारलं होतं. ते एवढं सरळ, न अडखळता, कसं बाहेर पडलं याचं त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं. कनका दारात होती ती मुकाट्यानं आत निघून गेली.

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. मग सावकाश, थांबत थांबत, सुब्बाची गोष्ट सांगितली. गिरिधररावांनी सुब्बाला लहानपणी पाहिलं होतं, सणाला घरी येई, मुलांना कागदाचे मोर करून देई. कचेरीतला शिपाई, एवढंच त्यांना ठाऊक होतं. तो शिपाई म्हणून आला नव्हता. वादिराजरावांच्याच बरोबर, त्याच दिवशी, ड्राफ्ट्समनच्या परीक्षेला बसला होता. त्याच्यासारखा हात वादिराजरावांनी पुन्हा पाहिला नाही. पण तो डावरा. टी-स्क्वेअरचं डोकं बोर्डाच्या डाव्या कडेला लावायचं, ते डाव्या हातानं दाबून धरायचं आणि उजव्यानं रेघ ओढायची, अशी सगळी रचना. सुब्बाचा हात पट्टीवर आडवा येई. ओल्या शाईवरून त्याची मूठ गेली आणि नकाशा काळा झाला. साहेबानं कागद फाडून टाकला. पोटासाठी तो शिपाई म्हणून राहिला, आणि पुढे एकतीस वर्षं दुसऱ्यांचे नकाशे गुंडाळून बांधत राहिला.

"रोज मी काढायाचों आणि तो बांधायाचा," वादिराजराव म्हणाले. "माझ्यापेक्षां चांगला हात. तूं डाव्यानं पेन्सिल धरलास त्या दिवशीं मज तोच दिसला. देव-धर्म कशाचें, गिरी? तें तुझी आजी म्हणायाची. मी टी-स्क्वेअरसाठीं बांधलों. तूं सुब्बा होऊं नयेस म्हणून."

आपण अपवित्र काहीतरी घेऊन जन्मलो आणि बापानं ते झाकून टाकलं, असं धरून गिरिधरराव इतकी वर्षं चालत आले होते. आणि इथे म्हातारा एका लाकडी पट्टीची गोष्ट सांगत होता, जी आता चेन्नईतल्या कुठल्या दुकानात मागितली तरी मिळाली नसती.

"आप्पा," ते म्हणाले, "एक तारखेपासून मज खालीं पाठवूलालेत. ड्रॉइंग गुंडाळायास. बांधायास."

वादिराजरावांनी हात पुढे केला, मुलाचं डावं मनगट चाचपून धरलं आणि अंगठ्यानं ते चोळू लागले.

"दुखत होतें काय रे, तेव्हां?"

नाही म्हणायचं, असं गिरिधररावांनी ठरवलं होतं. पट्टी मऊ होती, वळ उठत नव्हते, आणि ब्याऐंशी वर्षांच्या माणसाला आता हे सांगून काय मिळणार होतं? पण तोंडातून गेलं, "होय, आप्पा."

"शरि," म्हातारा म्हणाला. बरं, एवढाच त्या तमिळ शब्दाचा अर्थ. थोड्या वेळानं त्यांनी पाचवा माऊस मुलाच्या डाव्या हातात ठेवला. "उद्यां हा ने. मी सोडलों असें समज."

शुक्रवारी गिरिधरराव सात-दहाच्या गाडीनं गेले, ऑफिसात कुणी यायच्या आत. माऊसची तार डाव्या बाजूनं घेतली, कीबोर्ड उजवीकडे सरकवला. पहिला अर्धा तास हसू यावं असा गेला. बाण पडद्याबाहेर पळे, बटणांची उलटापालट होई, आकडे टाकायला उजवा हात कीबोर्डावर चाचपडे. पंधरा मिनिटांच्या कामाला दीड तास लागला. पण हात कापत नव्हता. सळीच्या टोकावर बाण नेऊन ठेवला की तो तिथंच राही. अकराच्या सुमारास टाकीच्या तळाची ती सळी, काल चार वेळा पुसलेली, एका दमात निघाली, आणि गिरिधररावांना त्या हाताची एकदम ओळख पटली. पेला झेलणारा हात तो हाच. त्याला सगळं येत होतं, कुणी विचारलं नव्हतं इतकंच. त्यांचे डोळे भरून आले, आणि पडदा दिसेना म्हणून त्यांना थांबावं लागलं.

रुचा आली, बघत उभी राहिली. मग तिनं हळूच विचारलं, "सर, तुम्ही डावखुरे आहात?"

"होय," गिरिधरराव म्हणाले.

चार वाजता नारायणस्वामींनी ड्रॉइंग मागवून घेतलं. पेन्सिल घेऊन सळी न् सळी तपासली. वीस मिनिटं गिरिधरराव समोर उभे होते, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. शेवटी नारायणस्वामींनी पेन्सिल खाली ठेवली.

"वेळ फार लागला, राव."

"हो."

"वेग येईल. रेघ तुमचीच आहे." त्यांनी रुचाला हाक मारली. "हा पाचवा मागवून टाक. दोन मागव, एक हाताशी असू दे."

घरी पोचायला साडेसहा झाले. वादिराजराव दाराकडे तोंड करून बसलेले होते. सकाळपासून तसेच बसलेत, जेवलेसुद्धा धड नाहीत, असं कनकानं सांगितलं. गिरिधररावांनी चपला काढता काढता नुसती मान हलवली. म्हाताऱ्यानं डोळे मिटले आणि थोड्या वेळानं उघडले. मग भूक लागल्याचं सांगितलं.

कनकानं ताट आणलं. दही-भात, वर लिंबाचं लोणचं. गिरिधरराव शेजारी बसले आणि दिवसभराच्या भरात त्यांचा डावा हातच ताटाकडे गेला. वादिराजरावांनी तोंड घट्ट मिटून घेतलं.

"काम डाव्यानं कर," ते म्हणाले. "भात उजव्यानंच. तें मी सोडलों नाहीं."

कनका पदर तोंडाला लावून हसली. गिरिधररावांनाही हसू फुटलं, आणि त्यांनी मुकाट्यानं हात बदलला. उजव्या हाताला आज दिवसभरात फारसं काम पडलं नव्हतं. सूज होती, पण कळ नव्हती. त्यांनी भात कालवला, छोटा घास केला, अंगठा लावून उचलला आणि म्हाताऱ्याच्या तोंडापर्यंत नेला. मग दुसरा. मग तिसरा. ताट रिकामं होईपर्यंत एक शीत खाली पडलं नाही, आणि तेवढा सगळा वेळ वादिराजरावांनी मुलाचं डावं मनगट आपल्या कापऱ्या हातांत धरून मांडीवर ठेवलं होतं.